आखूडपंखी भुंगेऱ्याची नवी प्रजाती: वर्णन लिहिण्याआधीचे आणि लिहितानाचे काम

कोल्हापूर जिल्ह्यातील घाटमाथ्यावर, ओल्या पाचोळ्याखाली, सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा एक तांबूस-काळा भुंगेरा आपल्याला मिळाला. त्याचे वरचे कठीण पंख आखूड असल्यामुळे उदराचा बहुतेक भाग उघडा दिसतो आणि इंटरनेटवरील कोणत्याही छायाचित्राशी तो जुळत नाही. तो विज्ञानाला नवा असेल तर त्याचे वर्णन कसे लिहावे, नाव कसे द्यावे आणि ते कोठे प्रसिद्ध करावे, असे आपण विचारले आहे. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तो रोव्ह बीटल, म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळातील भुंगेरा असावा, हे मानायला हरकत नाही. तो नवा आहे की नाही, याचे उत्तर मात्र जंगलात मिळणार नाही. ते संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावरच मिळेल. प्रत्यक्ष वर्णन लिहिणे हे त्या मानाने लहान काम आहे. ही प्रजाती याआधी कोणीही नोंदवलेली नाही, हे दाखवून देण्यातच बहुतेक वेळ जातो. म्हणून या उत्तराचा मोठा भागही त्यालाच दिला आहे.

स्टॅफिलिनिडी हे प्राणिजगतातील सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक आहे. त्यात आजवर ६० हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झाली असून एकट्या स्टीनस या जीनसमध्येच (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) तीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत. यांतील बहुतेक भुंगेरे एक ते दहा मिलिमीटर लांबीचे आणि रंगाने काळे, तपकिरी किंवा तांबूस असतात. तेव्हा छायाचित्र जुळत नाही याचा अर्थ एवढाच की, त्या प्रजातीचे छायाचित्र अद्याप कोणी टाकलेले नाही. फोनवर काढलेल्या चांगल्या छायाचित्रावरून उपकूळ ओळखता येते, कधीकधी जीनसही. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले मोठे डोळे दिसले की ओढ्याकाठचा स्टीनस लगेच कळतो. नारिंगी वक्ष, निळसर चकाकणारे वरचे पंख आणि काळे डोके असा पेडेरसही सहसा चुकत नाही. त्यापुढे प्रजातीपर्यंत जायचे तर सूक्ष्मदर्शक लागतोच. पेडेरसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, अशा रंगाचा भुंगेरा उघड्या हाताने धरू नये आणि अंगावर बसल्यास चिरडू नये. तो चावत नाही, पण त्याच्या शरीरातील पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. हे द्रव्य भुंगेरा स्वतः तयार करत नाही, तर त्याच्या शरीरात सहजीवी म्हणून राहणारे जीवाणू तयार करतात.

नमुने गोळा करण्याविषयी फार लिहीत नाही, कारण पाचोळा चाळणे, त्यातले बारीक कीटक वेगळे करण्यासाठी तो बर्लीज फनेलमध्ये किंवा विंकलर पिशवीत टांगून ठेवणे, जमिनीत पेले पुरणे आणि उडत्या कीटकांसाठी आडवी जाळी लावणे या पद्धती आपल्याला माहीत असाव्यात. दोन गोष्टींत मात्र हयगय चालत नाही. पहिली म्हणजे परवानगी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी नमुने घ्यायचे असतील तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि राखीव वनातही वनखात्याला विचारल्याविना काम करू नये. परवान्याविना घेतलेल्या नमुन्यावर आधारित लेख आज अनेक नियतकालिके स्वीकारत नाहीत. दुसरी गोष्ट लेबल. देश, राज्य, जिल्हा, नेमके ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे त्या इवल्याशा कागदावर मावलेच पाहिजे. महिना रोमन अंकात लिहिण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत सुरक्षित आहे. कारण ‘७-८’ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै, हा वाद पुढच्या पिढीतील अभ्यासकाला सोडवता येत नाही. लेबलाविना नमुना कितीही देखणा असला तरी वर्णनासाठी निरुपयोगीच असतो.

आता आपल्या नमुन्याकडे येऊ. आपल्याकडे एकच भुंगेरा आहे आणि तो नर आहे की मादी हेही अजून पाहिलेले नाही, असे आपण लिहिले आहे. एका नमुन्यावरून नवी प्रजाती प्रसिद्ध करण्यास प्राणिनामकरणाच्या नियमांची आडकाठी नाही, आणि नराचा जननावयव अगदी वेगळा असेल तर मीही तसे करण्यास विरोध करणार नाही. मात्र एकट्या मादीवरून रोव्ह बीटलची नवी प्रजाती लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक जीनसांमध्ये दोन शेजारच्या प्रजातींच्या माद्या बाहेरून एकसारख्याच दिसतात आणि अशी नावे पुढच्या प्रत्येक अभ्यासकाच्या गळ्यात धोंडा होऊन बसतात. शिवाय एका नमुन्यावरून त्या प्रजातीत किती फरक आढळतो, हे कळत नाही. कोषातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकट तांबूस असतो आणि पुरता काळा व्हायला त्याला काही काळ लागतो; केवळ रंगावर विसंबून राहिलेल्याला एकाच प्रजातीच्या दोन दिसतात. काही प्रजातींत उडणारे आणि न उडणारे असे दोन प्रकारचे भुंगेरे असतात. न उडणाऱ्यांचे आतले पंख खुरटलेले असतात आणि त्यासोबत वरचे कठीण पंखही आखूड होतात. म्हणजे ज्या लक्षणामुळे हा भुंगेरा आपल्याला वेगळा वाटला, तेच लक्षण प्रजातीच्या आत बदलणारे असू शकते. त्यामुळे त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत पुन्हा पाचोळा चाळून नर आणि मादी दोन्ही मिळवणे, हे आपले पुढचे काम आहे.

नर मिळाला की खरी तपासणी सुरू होते. नराच्या उदराच्या शेवटच्या खंडांच्या खालच्या बाजूला बहुधा एखादी खाच, खळगा किंवा केसांचा झुबका असतो. तो भिंगाखाली आधी पाहून घ्यावा. त्यानंतर सुकलेला भुंगेरा कोमट पाण्यात, साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ होईपर्यंत ठेवावा. उदराच्या टोकाशी वरची आणि खालची पट्टी यांच्यामधून बारीक वाकवलेली सुई आत सरकवली की फिकट पिवळसर, कुपीसारखा दिसणारा एडिआगस, म्हणजे नराचा जननावयव, हाती लागतो. सहा मिलिमीटरच्या भुंगेऱ्यात तो जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्याला चिकटलेले स्नायू आणि चरबी काढण्यासाठी तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात ठेवतात आणि इथे घाई नडते, कारण द्रावणात जास्त वेळ राहिला तर आतल्या पिशवीचे नाजूक काटे पारदर्शक होऊन दिसेनासे होतात. साफ झालेला एडिआगस ग्लिसरीनमध्ये ठेवून खालून, वरून आणि बाजूने, अशा तिन्ही दिशांनी पाहावा आणि त्याचे चित्र काढावे. मधला दांडा टोकाला कसा निमुळता होतो, बाजूचे पॅरामिअर (दांड्याच्या दोन्ही बाजूंचे भाग) वेगळे आहेत की जुळून एकच पट्टी झाली आहे, आणि ती पट्टी असल्यास तिच्या आतल्या बाजूला काळ्या खुंट्यांसारखे आखूड केस किती व कोणत्या रांगेत आहेत, हे नोंदवावे. क्विडिअससारख्या जीनसमध्ये या खुंट्यांची मांडणी कित्येकदा प्रजाती ठरवते. काम झाल्यावर हा अवयव त्याच नमुन्याच्या टाचणीवर, भुंगेऱ्याखालच्या कार्डावर किंवा ग्लिसरीनच्या सूक्ष्म नळीत ठेवावा. तो वेगळ्या डबीत ठेवला की पुढेमागे हरवतोच.

यानंतरचे काम सर्वांत चिवट आहे. भारतीय रोव्ह बीटलांचा मूळ आधार म्हणजे माल्कम कॅमेरॉन यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९३० ते १९३९ या काळात लिहिलेले खंड. नौदलातील डॉक्टर असलेल्या या माणसाने एकट्याने केलेले काम थक्क करणारे आहे आणि जीनसपर्यंत पोहोचण्यासाठी त्यातील ओळखतक्ते आजही हाताशी लागतात. मात्र त्यांच्या वर्णनांत भर बाह्य लक्षणांवर आहे: रंग, ठिपके, डोक्याची रुंदी, वक्षाचा आकार. आज ज्यावर निर्णय अवलंबून असतो त्या एडिआगसच्या चित्रांची त्यात अपेक्षा ठेवू नये. परिणामी, आपला भुंगेरा कॅमेरॉन यांच्या चार ओळींच्या वर्णनाशी जुळतो की नाही, हे पुस्तक वाचून ठरवता येत नाही. त्यासाठी त्यांनी पाहिलेला मूळ नमुनाच पाहावा लागतो. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्यांच्याआधीच्या आणि समकालीन लेखकांचे नमुने तर युरोप-अमेरिकेत विखुरलेले आहेत. फोव्हेल यांचा संग्रह ब्रुसेल्सला, एरिक्सन यांचा बर्लिनला, मोचुल्स्की यांचा मॉस्कोला, आणि व्यवसायाने नोटरी असलेल्या बर्नहावर यांचा प्रचंड संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. १८५९ मध्ये क्राट्झ यांनी भारत आणि श्रीलंका परिसरातील रोव्ह बीटलांवर जर्मनमध्ये लिहिले. त्यांतले एखादे जुने नाव आपल्या ‘नव्या’ प्रजातीला केव्हाच मिळालेले असू शकते.

कोणती नावे तपासायची हे ठरवण्यासाठी ली हर्मन यांची २००१ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने प्रसिद्ध केलेली सात खंडांची सूची फार उपयोगी पडते. १७५८ पासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतची नावे, मूळ संदर्भ आणि समानार्थी नावे तिच्यात आहेत. तरीही अलिओकॅरिनी आणि पिडेरिनी यांसारखी काही मोठी उपकुळे तिच्यात नाहीत. आपला भुंगेरा त्यांतला निघाला तर कष्ट वाढतील. त्या जीनसची भारत, श्रीलंका, म्यानमार आणि नेपाळ या भागांतून नोंदलेली सगळी नावे एका तक्त्यात मांडावीत आणि प्रत्येक नावासमोर मूळ नमुना कोठे आहे, तो नर आहे की मादी, त्याचा एडिआगस कोणी पाहिला आहे का, हे लिहावे. बाह्य लक्षणांवरूनच बाद होणारी नावे बाद करावीत. उरलेल्या मोजक्या नावांसाठी संबंधित संग्रहालयाच्या संग्राहकाला नेमके पत्र लिहावे. अमुक नमुन्याच्या डोक्याचे, वक्षाचे आणि लेबलांचे छायाचित्र हवे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर येते. ‘माझा भुंगेरा ओळखून द्या’ असे विचारले तर सहसा येत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही मला वाटत नाही.

मूळ नमुने पाहण्याला मी एवढे महत्त्व का देतो, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. बीगल जहाजाच्या सफरीत १८३२ साली चार्ल्स डार्विन यांनी अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे एक रोव्ह बीटल पकडला. तो लंडनच्या संग्रहालयात पोहोचला आणि पुढे कित्येक दशके कोणाच्याच नजरेस पडला नाही. अमेरिकेतील टेनेसी येथे शिकवणारे स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस हे रोव्ह बीटलांमधील झँथोपायजिना या गटाचे तज्ज्ञ. त्यांनी त्या संग्रहालयातून न ओळखलेले काही नमुने अभ्यासासाठी मागवले. त्यांत डार्विन यांचे लेबल असलेला हा भुंगेरा निघाला. करवतीसारखे दाते असलेल्या शृंगिका त्या गटातील कोणत्याच ज्ञात जीनसमध्ये बसत नव्हत्या, म्हणून १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे डार्विन यांच्या जन्मदिनी, त्यांनी डार्विनिलस हा नवा जीनस आणि त्यात डार्विनिलस सेडॅरिसी ही नवी प्रजाती प्रसिद्ध केली. प्रजातीचे नाव अमेरिकी लेखक डेव्हिड सेडॅरिस यांच्यावरून आहे. या प्रजातीचे आणखी एक उदाहरण शोधाशोध केल्यावर बर्लिनच्या संग्रहालयात मिळाले. तेही अर्जेंटिनातलेच, रिओ क्वार्तो येथले, १९३५ पूर्वीचे. त्यानंतर ही प्रजाती कोणी पकडलेली नाही आणि त्या भागातील बरीचशी जमीन आता शेतीखाली आहे. म्हणजे या नव्या प्रजातीच्या शोधासाठी कोणाला जंगलात जावे लागले नाही; त्या गटातील सगळ्या जीनसांची लक्षणे पाठ असलेला माणूस योग्य पेटीपर्यंत पोहोचावा लागला. हा प्रकार अपवादात्मकही नाही. नमुना गोळा होणे आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध होणे यांत सरासरी २१ वर्षांचे अंतर असते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

डीएनए तपासून घेतला तर हे सगळे टळेल का, असेही आपण विचारले आहे. टळणार नाही, पण मदत होईल. सीओआय या जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा तुलनेसाठी वापरला जातो आणि भुंगेरा न फोडताही, त्याला एन्झाइमच्या द्रावणात भिजवून, डीएनए काढता येतो. त्यासाठी काही नमुने सुरुवातीपासूनच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवावेत. नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत हे दाखवण्यासाठी किंवा फिकट आणि काळे भुंगेरे एकच आहेत हे ठरवण्यासाठी हा पुरावा उत्तम असतो. मात्र डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात जुळणारा क्रम सापडला नाही म्हणजे प्रजाती नवी, हा निष्कर्ष चुकीचा आहे. कारण कॅमेरॉन यांनी नावे दिलेल्या भारतीय प्रजातींपैकी फारच थोड्यांचे क्रम तिथे आहेत.

इतके झाल्यावर वेगळेपण टिकले, तर लेखनाला बसावे. लेखाचा गाभा म्हणजे भेददर्शक परिच्छेद: ही प्रजाती तिच्या सर्वांत जवळच्या प्रजातींपासून कोणत्या लक्षणांनी वेगळी ओळखता येते. १९३० नंतर दिलेल्या नावासाठी असे शब्दांतील वेगळेपण सांगणे नियमानेच बंधनकारक आहे. नवशिके लेखक पानभर वर्णन लिहितात आणि तुलना दोन ओळींत उरकतात; मी त्याच्या उलट करण्याचा सल्ला देईन. ‘डोके मध्यम आकाराचे, ठिपके मध्यम दाट’ अशी वाक्ये कोणाच्याच उपयोगाची नसतात. त्याऐवजी डोक्याची रुंदी लांबीच्या किती पट आहे, वक्षाच्या पाठीवर प्रत्येक रांगेत किती ठिपके आहेत, दोन ठिपक्यांमधील जागा गुळगुळीत आहे की जाळीदार, आणि शेजारच्या प्रजातीत हेच कसे आहे, ते लिहावे. रोव्ह बीटलांच्या बाबतीत मापांचा एक सापळा लक्षात ठेवावा. त्यांच्या उदराचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकमेकांत सरकतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेला भुंगेरा ताणला जातो आणि सुकवलेला आखडतो. त्यामुळे एकूण लांबी ढोबळ म्हणून द्यावी आणि तुलनेसाठी डोक्याच्या पुढच्या कडेपासून वरच्या पंखांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी वापरावी.

एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा मूळ आधार ठरणारा नमुना, म्हणून स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही लिहावे लागते. १९९९ नंतरच्या नावांना ही अट सक्तीची आहे. होलोटाइप शक्यतो नर असावा, त्याच्या सर्व लेबलांचा मजकूर जसाच्या तसा द्यावा आणि बाकीचे नमुने पॅराटाइप म्हणून नोंदवावेत. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार भारतात शोधलेल्या नव्या प्रजातीची माहिती शासनाने नेमलेल्या संस्थेला कळवून नमुने तिच्याकडे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पुण्यातील तिच्या पश्चिम विभागीय केंद्राशी महाराष्ट्रातून संपर्क करणे सोयीचे पडते. घरच्या कपाटात होलोटाइप ठेवण्याचा विचारही करू नये. दमट हवेत बुरशी आणि संग्रहातील किडे यांना एक पावसाळा पुरतो. परदेशी तज्ज्ञाकडे नमुना पाठवायचा असेल, तर त्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहून घ्यावेत.

नावाबाबत लोकांना जेवढी उत्सुकता असते तेवढे ते काम अवघड नाही. गावाच्या नावाला लॅटिन प्रत्यय लावता येतो, ठळक लक्षणावरून नाव देता येते किंवा एखाद्याच्या सन्मानार्थ देता येते. पुरुषाच्या नावाला सहसा ‘आय’ आणि स्त्रीच्या नावाला ‘एई’ ही अक्षरे शेवटी जोडतात. विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलते: स्टीनससोबत ‘इंडिकस’, पण अलिओकॅरासोबत ‘इंडिका’. त्या जीनसमध्ये तेच नाव आधी वापरलेले नाही, एवढे मात्र कसून पाहावे. स्वतःचे नाव स्वतःच देण्याला नियमात बंदी नाही, पण तसे केलेले अभ्यासक हास्यास्पद ठरतात.

लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर प्रसिद्धीपूर्वी त्याची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होऊन ती नोंद लेखात छापलेली असली पाहिजे; नामकरणाच्या नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीने ही सोय आणि ही अट एकत्रच आली. झूटॅक्सा, झूकीज किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे ‘रेकॉर्ड्स’ या नियतकालिकांपैकी कोठेही लेख पाठवता येईल. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. लेख प्रसिद्ध होईपर्यंत नवे नाव कोणत्याही बातमीत, व्याख्यानात किंवा समाजमाध्यमावर देऊ नये. वर्णनाविना बाहेर पडलेल्या नावाला नियमांत स्थान नसते, आणि दरम्यान दुसऱ्या कोणी त्याच भुंगेऱ्याचे रीतसर वर्णन वेगळ्या नावाने छापले तर तेच नाव ग्राह्य ठरते. पत्रकारांना द्यायची माहिती तयार ठेवावी, पण लेखाचा दुवा सुरू झाल्यानंतरच पाठवावी.